लेखनिकाच्या किल्ल्या

वेब सर्व्हर ही एक आज्ञावली. मागितलेले पान शोधून द्यायचे, एवढेच तिचे काम. ग्रंथालयाच्या खिडकीशी बसलेल्या लेखनिकासारखे. पण या लेखनिकाकडे किल्ल्या किती कपाटांच्या द्यायच्या?

अपाची हा सर्व्हर १९९५ साली आकाराला आला. इलिनॉय विद्यापीठात रॉब मॅकूल यांनी लिहिलेला सर्व्हर, ते १९९४ मध्ये तिथून गेल्यावर, मागे पडला होता. वापरणाऱ्यांनीच आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स-वितरणात स्वयंसेवक अशा आज्ञावल्यांची पॅकेजे बांधतात. किल्ल्या कोणत्या, हे तेच ठरवतात. एरवी ८० क्रमांकाचे दार उघडायला सर्वाधिकारी 'रूट' लागतो. म्हणून अपाची रूट म्हणून सुरू होतो, दार उघडतो आणि पाने देण्याचे काम 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या जेमतेम अधिकारांच्या खात्याकडे सोपवतो. शिवाय मांडणीच्या फाइलमध्ये तुम्ही बदल केला असेल, तर नवी आवृत्ती तुम्हांला विचारल्याशिवाय तो पुसत नाही. आम्हांला ही सभ्यता फार आवडते.

याच मांडणीत आणखी एक सोय होती. संगणकावरची माहितीपत्रके ब्राउझरमध्ये वाचता यावीत म्हणून त्यांचा कप्पा 'डॉक' या पत्त्यावर उघडा ठेवलेला असे, तोही फक्त त्याच संगणकावरून येणाऱ्या मागणीसाठी. यात धोका कोणाला दिसेल? आम्हांला तरी दिसला नसता. पण त्या कप्प्यात इतर पॅकेजांनी नमुन्याच्या आज्ञावल्याही ठेवल्या होत्या. पीएचपीची जोड असली की सर्व्हर त्या दाखवण्याऐवजी चालवू लागे! आणि 'त्याच संगणकावरून' ही अटही पोकळ ठरली. पुढे दुसरा सर्व्हर उभा असेल, तर बाहेरून आलेली मागणी तो आतल्या आत पुढे देई; मागच्या अपाचीला ती घरचीच वाटे. त्याच संगणकावर कोणी ब्राउझर वापरत असेल, तर परकी साइटही त्याच्याकरवी अशी मागणी करवू शके.

एप्रिल २०१२ मध्ये डेबियनने सूचना काढून ती सोय काढून टाकली. मात्र फाइल बदललेल्यांना दुरुस्ती आपोआप मिळेना, कारण तीच सभ्यता! नवी फाइल डोळे मिटून स्वीकारली, तर स्वतःचे बदल जाणार. नाकारली, तर भोक तसेच राहणार. त्या ओळी हाताने काढा, असे सूचनेतच सांगावे लागले. आणि दुसऱ्या साइटसाठी त्या नकलून घेतल्या असतील, तर तिथेही शोधा.