इंग्रजींतील दोषारोपाचे शब्द

एखाद्यावर दोष ठेवण्यासाठीं इंग्रजी भाषेंत जे शब्द आज रूढ आहेत, त्यांतील बहुतेक मूळचे इंग्रजी नव्हेत. 'ॲक्यूज', 'ब्लेम', 'इंडाइट', 'इम्पीच' हे सर्व फ्रेंच भाषेच्या द्वारें इंग्लंडांत शिरले, आणि तें द्वार जेत्यांनीं उघडलें. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें. पुढील दोन शतकांत राजाच्या न्यायालयांतील वादविवाद फ्रेंचांत चालूं लागले, दप्तर लॅटिनमध्यें लिहिलें जाऊं लागलें. नांगर धरणारा, भाता चालविणारा मनुष्य मात्र घरीं इंग्रजीच बोलत होता.

त्याच्या स्वतःच्या शब्दांची काय गत झाली? दूषण देणें या अर्थाचें 'एटवीतन' असें एक जुनें इंग्रजी क्रियापद होतें. त्याचा पहिला स्वर झिजला, शेवट गळाला, आणि 'ट्विट' एवढेंच उरलें. अर्थहि उतरला, टोमणा मारणें, चिडविणें. न्यायासनापुढचें काम परक्या शब्दाकडे गेलें आणि घरचा शब्द ओसरीवरील थट्टेपुरता राहिला. 'गिल्ट', म्हणजे अपराध, हा शब्द मात्र अस्सल इंग्रजी असून टिकला. आरोप फ्रेंचांत आणि अपराध इंग्रजींत, अशी ही वांटणी मोठी बोलकी आहे! मराठी श्रोत्यांस याचें फारसें नवल वाटूं नये. 'गुन्हा' आणि 'फिर्याद' हे आपल्याकडे फारसींतून आले. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंतांनीं राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी हे दोन पाहुणे मराठींतून हलले नाहींत.

'ब्लेम' या शब्दाचें कुळ ग्रीक आहे. अभद्र बोलणें या अर्थाचें ग्रीक क्रियापद चर्चच्या लॅटिनमध्यें आलें, फ्रेंच लोकांच्या तोंडीं झिजलें आणि 'ब्लेम' झालें. तोच शब्द पंडितांच्या वाटेनें 'ब्लास्फेमी', म्हणजे ईश्वरनिंदा, या रूपानें आला. एकाच आईच्या या दोन लेकी. एक धर्मपीठांत राहिली, दुसरी स्वयंपाकघरांत कपबशी फुटली कीं ऐकूं येते.

'इम्पीच' या शब्दांत पाय दडला आहे. लॅटिनमध्यें 'पेदिका' म्हणजे पायांतील बेडी. मूळ अर्थ खोडा घालणें, अडविणें. आरोप करणें हा अर्थ मागाहून चिकटला. १३७६ सालीं पार्लमेंटनें लॉर्ड लॅटिमर याला याच मार्गानें ओढलें, आणि राजाच्या माणसांस जाब विचारण्याचें एक नवें साधन कॉमन्स सभेच्या हातीं आलें. बर्कनें १७८६ त वॉरन हेस्टिंग्जविरुद्ध जीं २२ कलमें मांडलीं, त्यांत मराठ्यांशीं झालेलें युद्ध व तह यांचेंहि एक कलम होतें. खटला १७८८ च्या फेब्रुवारींत उभा राहिला, निकाल १७९५ च्या एप्रिलांत लागला. सात वर्षें पायांत खोडा घेऊन हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. शब्दाचा मूळ अर्थ इतका खरा क्वचितच ठरला असेल.

हेस्टिंग्जजवळ पैसा होता, वकील होते. सामान्य आरोपीचें काय? १३६२ सालीं तिसऱ्या एडवर्डच्या राजवटींत एक कायदा झाला. न्यायालयांत आपल्या बाजूनें काय बोललें जातें आणि विरुद्ध काय बोललें जातें हें लोकांस समजत नाहीं, असें त्यांत स्पष्ट कबूल करून, यापुढें वादविवाद इंग्रजींत व्हावेत अशी आज्ञा दिली आहे. हा कायदा लिहिला गेला फ्रेंचांत! वकीलवर्गानें आपली मोडकी फ्रेंच पुढेंहि सोडली नाहीं. राजाचा वध झाल्यावर, १६५० त, पार्लमेंटनें सारें दप्तर इंग्रजींत आणण्याचा कायदा केला. १६६० त राजा परतला, तशी जुनी भाषाहि परतली. अखेर १७३३ सालीं लॅटिन व फ्रेंच दोन्ही न्यायालयांतून गेल्या.

मध्यंतरीं एक चमत्कारिक शब्द जन्मला, तो 'कल्प्रिट'. आरोपीनें 'मी निरपराध आहें' असें म्हटलें, कीं सरकारी कारकून फ्रेंचांत उत्तर देई, 'अपराधी आहेस. सिद्ध करण्यास आम्ही तयार आहों.' कोशकारांच्या मतें यांतील दोन शब्दांचीं आद्याक्षरें दप्तरांत 'कल. प्रिट.' अशीं टिपलीं जात. फ्रेंच विसरलेल्या कारकुनांस पुढें तें आरोपीला हांक मारण्याचें नांवच वाटलें. १६७८ त पेम्ब्रोकच्या अर्लवर खुनाचा खटला चालला, त्यांत हा शब्द अशा संबोधनाच्या रूपानें आढळतो. लॅटिन 'कुल्पा', म्हणजे दोष, याच्या सादृश्यामुळें त्याचा अर्थ हळूहळू 'अपराधी' असाच होऊन बसला. ज्यानें नुकतेंच आपण निरपराध असल्याचें सांगितलें, त्यालाच पुढच्या श्वासाला अपराधी म्हणून पुकारावें, असा हा प्रकार! आणि गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत त्याच्या वकिलास ज्यूरीपुढें भाषण करण्याचा पूर्ण हक्क मिळाला तो १८३६ सालीं.

दिवाणी दाव्यांतील वादीस इंग्लंडांत शतकानुशतकें 'प्लेंटिफ', म्हणजे गाऱ्हाणें सांगणारा, असें फ्रेंच नांव होतें. सामान्य माणसास समजावें म्हणून १९९९ सालीं तें काढून 'क्लेमंट' हा सोपा शब्द आणला. तोहि फ्रेंचच आहे.