कासवाला त्रिकोण शिकवताना

1960च्या दशकात कॉम्प्युटर म्हणजे खोली व्यापणारं धूड. तरीही अमेरिकेत त्यावर मुलांना शिकवायचे प्रयोग सुरू झाले होते. इलिनॉय विद्यापीठात 1960 साली 'प्लेटो' आलं. स्टॅनफर्डमध्ये पॅट्रिक सपीझ कॉम्प्युटरवर गणिताचा सराव करून घेत होते. या सरावाची रीत सोपी होती: मशीन प्रश्न विचारणार, मूल उत्तर देणार, मशीन बरोबर की चूक ते सांगणार.

सीमोर पेपर्ट यांना हे उलटं वाटलं. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले हे गणितज्ञ जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्यासोबत काम करून एमआयटीत आले होते. त्यांचं म्हणणं, हुकूम मुलानं सोडावा आणि मशीननं ऐकावं. 1967 साली त्यांनी वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासोबत मुलांसाठी 'लोगो' ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. पुढे तिच्यात कासव आलं. आधी जमिनीवर रेघ ओढत फिरणारा रोबो, मग स्क्रीनवरचा छोटा त्रिकोण.

आता या कासवाकडून समभुज त्रिकोण काढून घ्या. पुस्तकात कोन 60 अंशांचा, म्हणून मूल सांगतं: 100 पावलं पुढे जा, 60 अंश उजवीकडे वळ, असं तीनदा. त्रिकोण होतच नाही, अर्धा षटकोन होतो! मग मूल स्वतः कासव होऊन चालून बघतं. परत सुरुवातीच्या दिशेला तोंड करायचं तर पूर्ण फेरी, म्हणजे 360 अंश वळायला हवं. तीन वळणं, म्हणून प्रत्येकी 120. बाह्यकोन म्हणजे काय, ते पायांना कळतं.

इथे उत्तर चुकलं म्हणून लाल फुली नाही. 'अजून चालत नाही, बघू कुठे अडलंय' एवढंच. मी नोकरीत दिवसभर हेच करतो, त्याला डीबगिंग म्हणतात.

पण लोगोनं जादू केली नाही. 1984 साली रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांना आढळलं की वर्षभर लोगो शिकलेली मुलं नियोजनाच्या इतर कामांत बाकीच्यांपेक्षा सरस ठरली नाहीत. आणि शाळांनी त्याचाही धडा केला. आमच्या शाळेत लोगो होतं. परीक्षेत प्रश्न यायचा, 'एफडीचं पूर्ण रूप लिहा.' कासव राहिलं बाजूला, पाठांतर तेवढं उरलं.

म्हणजे प्रश्न मशीनचा नव्हताच. त्यावर मुलाला काय करू दिलं जातं, याचा होता. आज फोनवरची कितीतरी लर्निंग अ‍ॅप्स पुन्हा प्रश्न, उत्तर आणि वर एक चमकता तारा एवढंच देतात. सरावाला ती वाईट नाहीत. पण घरातल्या लहान भावंडाच्या हातात असं अ‍ॅप दिसलं तर जरा डोकावून बघा: हुकूम कोण सोडतंय?