आधी रस्ते, मग घरं

सप्टेंबर १८९६. तुम्ही मुंबईच्या मांडवीत, गोदीमागच्या एका गल्लीत उभे आहात. समोरासमोरच्या इमारती इतक्या चिकटून आहेत की वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतूनच शेजारणीला वाटीभर साखर देईल. खाली धान्याची कोठारं, तुंबलेलं गटार, जिन्याखाली मेलेले उंदीर. गोव्याच्या हडफड्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस एका रोग्याला तपासून बाहेर येतात. हा प्लेग आहे, असं तेच पहिल्यांदा शहराला सांगतात. पुढच्या काही महिन्यांत लोक बोचकी बांधून गावाकडे पळत सुटतात आणि मुंबई निम्मी रिकामी होते.

तुम्हीही गाडीत बसा, पण दादरलाच उतरा. स्टेशन आहे, वस्ती विरळ. पूर्वेला भातखाचरं, पश्चिमेला समुद्रापर्यंत माडांच्या वाड्या, मधे १५९६ सालचं पोर्तुगीज चर्च. इथे कधीकाळी घर घ्यायला रांगा लागतील, असं तुम्हाला आत्ता कुणी सांगितलं तर पटणार नाही.

प्लेगमुळेच १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होतो आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव या पट्ट्याची आखणी सुरू होते. आता थोडे पुढे सरका, १९३०च्या सुमारास हिंदू कॉलनीत या. इथे आधी रस्ते आले, गटारं आली, मग घरं. दोन इमारतींच्या मधून वारा वाहतो. शेजारच्या पारशी कॉलनीत मंचेरजी जोशींनी एकेका रस्त्याला एकाच जातीची झाडं लावून घेतली आहेत. पाच बागांमध्ये मुलं खेळतायत. ही सगळी मोकळी जागा मांडवीच्या त्या गल्लीने शिकवलेली आहे, आणि दादरबद्दल बोलताना मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

इथेच, हिंदू कॉलनीत, एक घर उभं राहतं आहे, राजगृह. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते आपल्या पुस्तकांना पुरेल एवढं बांधून घेतलं.

टिळक पुलावरून पश्चिमेला चला. पूल चढताना साल बदलतं: ९ ऑगस्ट १९४२. शिवाजी पार्क माणसांनी भरलंय. १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुलं झालेलं हे मैदान. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ मध्ये त्याला शिवरायांचं नाव मिळालं. आज इथे गांधीजी बोलणार होते, पण पहाटेच त्यांना अटक झाली. त्यांच्याऐवजी यायला निघालेल्या कस्तुरबांनाही पोलिसांनी धरलं. तरी माणसं आली आहेत.

मैदान मोठं असून भागत नाही, तिथवर माणसांना पोचताही यावं लागतं. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे भेटतात, म्हणून ते जमतं. ७ डिसेंबर १९५६ला बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहातून दादर चौपाटीकडे निघते, तेव्हा तुम्ही त्या अथांग गर्दीत उभे राहा. आजही ६ डिसेंबरला, त्यांच्या स्मृतिदिनी, त्याच चौपाटीवरच्या चैत्यभूमीवर गावोगावची माणसं येतात आणि शिवाजी पार्कातल्या स्टॉलवरून पुस्तकं घेऊन परततात. एखाद्या वस्तीने याहून चांगलं काय करावं?

३१ मार्च १९६४ची रात्र. बोरीबंदरहून शेवटची ट्राम खच्चून भरून येते आणि दादर टीटीला, म्हणजे ट्राम टर्मिनसला, थांबते. दुसऱ्या दिवसापासून ट्राम नाही, पण टीटी हे नाव मात्र जातच नाही. बसचा कंडक्टरही तेच पुकारतो.

पुढच्या वर्षी शिवाजी मंदिर नाट्यगृहात तिसरी घंटा ऐकू येईल. सत्तरच्या दशकात छबिलदास शाळेच्या सभागृहात जाऊन बसा. तिथे प्रायोगिक नाटक प्रेक्षकांच्या हाताच्या अंतरावर घडतंय. बाहेर पडलात की स्टेशनजवळ वडापाव. तो १९६६च्या सुमारास इथेच जन्मला, असं मानतात. आयडियलमध्ये पुस्तकं, रानडे रोडवर साड्या, पुलाखाली पहाटेपासून फुलांचा बाजार, मामा काण्यांकडे बटाटेवडा. सगळं पायी. गाडी काढायची वेळच येत नाही, आणि गाडी नसलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी याहून मोठी सोय मला ठाऊक नाही.

आता आजच्या दादरला या. वर्षानुवर्षं दोन्ही रेल्वेंचे फलाट स्वतंत्र १ पासून मोजले जायचे आणि नवखा माणूस हमखास चुकायचा. डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले. मे २०२५ मध्ये जमिनीखाली मेट्रोचं दादर स्थानक सुरू झालं.

वर मात्र जुन्या इमारती पाडून टोलेजंग मनोरे उठतायत, आणि रस्त्यांची रुंदी ट्रस्टने आखली तेवढीच आहे. पदपथावर गाड्या चढल्यात. पुनर्विकास हवाच, गळक्या छताखाली राहणाऱ्यांना तो नाकारण्याचा हक्क कुणालाच नाही. पण तुमच्या सोसायटीच्या सभेत बिल्डरचा आराखडा येईल, तेव्हा कार्पेट एरियाआधी विचारा: दोन इमारतींत अंतर किती, रस्त्यालगतचं झाड राहणार का, पदपथ कुठे आहे? उत्तर लेखी घ्या, आणि त्यानंतरच सही करा.