धान्याची तटबंदी : कान्देलोचे रिचेत्तो

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजा येतो, फौज येते. आज आपण जी तटबंदी बघणार आहोत, ती राजासाठी नव्हती. ती धान्यासाठी होती.

उत्तर इटलीतल्या पिएमोन्ते प्रांतात बिएल्ला शहराजवळ कान्देलो हे गाव आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास तिथल्या गावकऱ्यांनी एक तटबंद आवार उभारलं. त्याला 'रिचेत्तो' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आसरा. क्षेत्रफळ सुमारे १३,००० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबानं सव्वातीन एकर. भोवती नदीतल्या गोट्यांचा कोट, कोपऱ्यांवर बुरूज आणि आत अरुंद गल्ल्यांमध्ये सुमारे दोनशे कोठ्या. खालच्या मजल्यावर गारव्याला द्राक्षाच्या मद्याची पिंपं, वरच्या कोरड्या मजल्यावर धान्य. दोन्ही मजल्यांना आतून जोडणारा जिना नाही. वर जायचं ते बाहेरून.

एरवी लोक राहत गावातच. धाड आली की आत यायचं, धोका टळला की परत आपल्या घरी. मग घरांभोवतीच कोट का नाही घातला? आम्हाला यामागे शेतकऱ्याचा रोकडा विचार दिसतो. घर जळलं तर पुन्हा बांधता येतं. धान्य गेलं तर वर्ष जातं आणि बियाणं गेलं तर पुढचंही वर्ष जातं. त्या काळची फौज वाटेतल्या गावांवरच पोट भरायची, त्यामुळे शत्रूची काय नि मित्राची काय, भीती सारखीच.

आपल्याकडेही धान्य पेवात, बळदात लपवलं जाई आणि गावात गढी असे. पण गढी पाटला-देशमुखाची. रिचेत्तोत कोट सगळ्यांचा नि कोठी ज्याची त्याची. सामायिक आणि खाजगी यांचा असा मेळ आम्हाला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत फार शोधावा लागला. इथे तो दगडात बांधलेला आहे.

तोही निर्वेध राहिला नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस गाव सेबास्तियानो फेर्रेरो या सरंजामदाराकडे गेलं आणि कोटाच्या आत त्याचा वाडा उठला. गावानं आपल्यासाठी उभारलेल्या भिंतीआड धनी येऊन बसला. तेव्हा भिंत किती उंच होती, एवढंच विचारून भागत नाही. दाराची किल्ली कोणाकडे होती, हेही इतिहासाला विचारायला हवं.