डार्विनच्या घरचं वेळापत्रक

चार्ल्स डार्विन म्हटलं की आपल्याला गॅलापागोसची कासवं आठवतात, माकडं आठवतात आणि ती भलीमोठी पांढरी दाढी. हा माणूस आयुष्यभर आजारी होता, हे मात्र पटकन आठवत नाही. १८३६ साली तो जगप्रवासाहून परतला आणि एक-दोन वर्षांतच तब्येत बिघडायला लागली, ती पुन्हा कधी धड झालीच नाही. उलट्या, पोटात गॅस, डोकेदुखी, छातीत धडधड. नेमकं काय झालं होतं यावर डॉक्टरांचं आजही एकमत नाही.

हे सगळं रोज जवळून बघणारी होती त्याची बायको एमा. आज तिच्याबद्दल लिहायचंय.

एमा वेजवुड ही डार्विनची सख्खी मामेबहीण. (मामाची मुलगी करणं, आपल्याला त्यात काय नवल!) लग्न करावं की नाही, याचा त्याने १८३८ साली कागदावर दोन रकाने पाडून चक्क हिशेब मांडला होता. फायद्याच्या बाजूला घर बघायला माणूस, म्हातारपणी सोबत, गाणं-बजावणं, झालंच तर कुत्रा पाळण्यापेक्षा बायको बरी, असंही! तोट्याच्या बाजूला मोठी तक्रार एकच, वेळ फार वाया जाईल. २९ जानेवारी १८३९ ला लग्न झालं. पुढची त्रेचाळीस वर्षं त्याला कामाला जो काही वेळ मिळाला, त्यातला बराचसा एमानेच मिळवून दिला, ही त्यातली गंमत.

१८४२ साली दोघं लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाऊन या खेड्यात राहायला गेले. तिथला दिवस कसा जायचा, ते मुलाने, फ्रान्सिसने, १८८७ साली छापलेल्या चरित्रात लिहून ठेवलंय. सकाळी आठ ते साडेनऊ काम. मग पत्रं आणि कादंबरी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायची. साडेदहा ते बारा पुन्हा काम. मग बागेतल्या वाटेवर फेऱ्या, जेवण, पत्रांची उत्तरं. तीन वाजता पडून राहणं, पुन्हा कादंबरी. (शेवट गोड असलेलीच बरं का, हे डार्विनने स्वतःच सांगितलंय.) थोडं काम, पुन्हा विश्रांती. रात्री एमाबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव, मग तिचा पियानो.

वाचताना हे शिस्तप्रिय शास्त्रज्ञाचं वेळापत्रक वाटतं. नीट बघितलं तर ते आजाऱ्याचं आहे. आणि त्याच्या विश्रांतीच्या वेळा आपल्याला रिकाम्या मिळाव्यात, अशा बेताने एमाने स्वतःचा दिवस आखलेला. फ्रान्सिस सांगतो, शेवटच्या काही वर्षांत ती एक रात्रही त्याला सोडून राहिली नाही. पाहुण्यांशी बोलणं जरा लांबलं तरी त्याची रात्रीची झोप उडायची. तो थकलाय हे तिला आधी कळायचं. मग ती कुठेतरी गावाला जायचं ठरवायची, आणि तो सहाऐवजी पाचच दिवसांत परत यायचं म्हणून घासाघीस करायचा. १८४९ साली थंड पाण्याच्या उपचारांसाठी माल्व्हर्नला जायचं ठरलं, तेव्हा मुलं, नोकरचाकर, अख्खं बिऱ्हाडच हललं आणि तीन महिन्यांहून जास्त तिथे राहिलं.

आता खरं ते सांगायला हवं. घरात पैसा होता, नोकर होते. एमाला चूल फुंकायची नव्हती की पाणी भरायचं नव्हतं. पण जे नोकरावर सोपवता येत नाही ते तिच्याकडे होतं. सतत अर्धं लक्ष तिकडे.

आणि तिची तब्येत? १८३९ ते १८५६ या सतरा वर्षांत दहा बाळंतपणं, त्यातली तीन मुलं लहानपणीच गेली. १८५० साली डॉक्टर यायच्या आधीच कळा वाढल्या, तेव्हा डार्विनने स्वतः तिला क्लोरोफॉर्म दिला. म्हणजे शुश्रूषा अगदीच एकतर्फी नव्हती. पण १८५१ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांची ॲनी माल्व्हर्नला शेवटच्या दुखण्यात होती, डार्विन तिच्याजवळ होता, आणि एमा दिवस भरत आल्यामुळे डाऊनला पत्रांची वाट बघत होती. तिच्या दुखण्यांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

आपल्याकडे अशा बाईला 'पतीची सेवा केली' असं सर्टिफिकेट देऊन विषय मिटवतात. मला ते पटत नाही. एमा श्रद्धाळू होती. नवऱ्याच्या शंकांमुळे मेल्यानंतर आपली ताटातूट होईल, ही भीती तिने त्याला पत्रातून कळवली होती. तरी १८४४ साली उत्क्रांतीवरचा निबंध लिहून झाल्यावर डार्विनने पत्र लिहून ठेवलं ते तिच्याच नावाने: मी अचानक गेलो, तर चारशे पौंड खर्चून हे छापायची व्यवस्था कर. जे छापल्याने तिलाच सर्वात जास्त दुखलं असतं, ते त्याने तिच्याच हाती दिलं. इतका विश्वास नुसत्या औषधपाण्याच्या जोरावर बसत नाही.

आणि ते बॅकगॅमन! फासे-सोंगट्यांचा खेळ, आपल्या सारीपाटाचा लांबचा भाऊबंद. १८७६ साली अमेरिकेतल्या एसा ग्रे या मित्राला डार्विनने स्कोअर कळवला: एमाने जिंकलेले डाव २४९०, आपण जिंकलेले २७९५. रोजचे दोन धरले तर सात वर्षांहून जास्त रात्री झाल्या. मला या आकड्यांचं फार अप्रूप वाटतं. त्या दोन डावांपुरता तो पेशंट नव्हता आणि ती नर्स नव्हती. ती त्याला हरवायला बसलेली असायची, आणि जवळजवळ निम्म्या वेळा हरवायचीही.

डार्विन १९ एप्रिल १८८२ ला गेला. एमा पुढे चौदा वर्षं जगली. तिच्या बारीक बारीक नोंदींच्या डायऱ्या आता इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात.

आपल्या सगळ्यांच्याच नात्यात असं एखादं घर असतं. कुणाला संधिवात, कुणाचं डायलिसिस, कुणाला पार्किन्सन. आपण फोन करतो, 'आता कसं आहे त्यांचं?' विचारतो आणि ठेवून देतो. पुढच्या वेळी फोन उचलणाऱ्या माणसाला जरा थांबवून विचारा, काल तुमची झोप झाली का, आणि इतक्यात दोघं मिळून पत्ते-बित्ते कधी खेळलात?