शिंदीचा न झालेला गूळ

गोंदिया जिल्ह्यातले गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण 1970 च्या सुमारास उभे राहिले. शिंदी, म्हणजे रानटी खजूर, त्या मुलखात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. नाल्याकाठी, तळ्यांच्या पाळीवर, धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर ती कुणी न लावता उगवते आणि कुणी न विचारता वाढते. मे महिन्यातले 45 अंशांचे ऊन आणि डिसेंबर-जानेवारीतली 7-8 अंशांपर्यंत उतरणारी थंडी ती सारख्याच निर्विकारपणे सोसते. कोकणच्या माडाला हे दोन्ही टोकांचे हवामान मानवत नाही, शिंदीला मानवते. हेच झाड बंगालात खेजूर म्हणून ओळखले जाते आणि तिथे त्याच्या रसाच्या गुळावर हिवाळ्याचा सगळा गोडवा बेतलेला असतो. झाड तेच, थंडी तीच, मग पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत हा गूळ का झाला नाही? माझे उत्तर असे की, झाड किंवा हवामान इथे कमी पडले नाही आणि कायदाही एकटा दोषी नाही. शिंदी जी जागा घेऊ शकली असती ती आधीच दोघांनी व्यापली होती: तळ्याखालच्या उसाने आणि माळावरच्या मोहाने.

आधी रसाचे गणित पाहू. शिंदीचा रस रात्री झरतो. शेंड्याखालची एका बाजूची पाती उतरवून खोडाचा कोवळा भाग तासतात, त्यात बांबूची पन्हळ बसवतात आणि खाली मडके टांगतात. सूर्य वर यायच्या आत मडके उतरवावे लागते, कारण ऊन लागले की रस आंबतो आणि दुपारपर्यंत त्याची ताडी होते. म्हणून थंड रात्र ही या धंद्याची अडचण नसून पहिली गरज आहे. बंगालात झाड काही दिवस तासतात, मग काही दिवस विसावा देतात. विसाव्यानंतरचा पहिला रस सर्वांत गोड मानला जातो. पुढच्या वर्षी घाव उलट्या बाजूला घालतात, त्यामुळे जुन्या झाडाचे खोड नागमोडी दिसते आणि त्यावरच्या खाचा मोजून त्याने किती हिवाळे रस दिला ते सांगता येते. आता हे सगळे गोंदियाशी ताडून पाहा. विदर्भात थंडीची लाट आली की सर्वांत कमी तापमानाच्या यादीत गोंदियाचे नाव हमखास असते, आणि रस आटवायला लागणारे सरपण जंगलाच्या या प्रदेशात कधीच दुर्मीळ नव्हते. निसर्गाने आपली बाजू पुरी केली होती.

ती पुरी केली होती याचा पुरावा शेजारीच आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना दंडकारण्यात आणि गडचिरोली-गोंदियाच्या काही भागांत वसवले गेले. गडचिरोलीला लागून असलेल्या पखांजूरच्या बंगाली वस्त्यांत हिवाळ्यात याच झाडाचा, तिकडच्या भाषेत छिंदाचा, गूळ होतो. झाडे जंगलचीच, नवा फक्त तासणारा हात. यावर कुणी म्हणेल की मग प्रश्नच मिटला, झाडीपट्टीत कसब नव्हते एवढेच. पण कसब आकाशातून पडत नाही. जिथे त्याला मोल मिळते तिथे ते पिढ्यान्‌पिढ्या साचते. बंगालातल्या जेसोर जिल्ह्याचा अहवाल जेम्स वेस्टलंडने 1871 मध्ये लिहिला, त्यात खजुरी साखरेच्या धंद्याची सविस्तर हकीकत आहे. तिथे खजूर रानातून शोधावा लागत नव्हता. धानाला न चालणाऱ्या उंचवट्याच्या जमिनीवर तो ओळीने लावला जाई. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला भाताबाहेरच्या जमिनीचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर खजूर होते.

झाडीपट्टीत या प्रश्नाचे उत्तर वेगळे होते. कोहळी समाजाने इथे तळी बांधली. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानले जाते. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथातही कोहळ्यांची ओळख तळी आणि ऊस या दोन गोष्टींनीच करून दिली आहे. तळ्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला की गूळ घरचाच झाला; मग रात्रीच्या गारठ्यात वीस झाडांवर चढून पहाटे वीस मडकी उतरवण्याचा उद्योग कोण करणार? उरली उंच माळाची जमीन. तिथे मोह होता. मार्च-एप्रिलमध्ये त्याची फुले पहाटे आपणहून खाली पडतात. चढणे नाही, तासणे नाही, वाळवून वर्षभर ठेवता येतात, भुकेला खाता येतात आणि दारूही होते. मोहाच्या शेजारी शिंदीची ताडी म्हणजे फार कष्टाची नशा. दक्षिण गडचिरोलीत माडिया लोक गोरगा या दुसऱ्या झाडाचा रस आवडीने काढतात हे खरे. त्यातून एवढेच दिसते की या मुलखाला झाडावर चढण्याचे वावडे नव्हते. शिंदीच्या गुळाला मात्र गिऱ्हाईक नव्हते.

सर्वांत वजनदार आक्षेप अबकारीचा. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्याने ताडीच्या झाडांवर कराचा बोजा टाकला आणि कोकणातले भंडारी त्यात भरडले गेले. मध्य प्रांताचा स्वतंत्र अबकारी कायदा 1915 चा, पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा 1938 चा. परवान्याशिवाय झाड तासता येईना, हे मान्यच. पण कायदा चालू धंदा मारतो, आणि मारलेला धंदा मागे खुणा ठेवतो: तक्रारी, अर्ज, बेकार झालेली जात. कोकणात त्या ढिगाने आहेत. इथे शिंदीच्या गुळापुरत्या तशा खुणा दिसत नाहीत. कायद्याचा खरा फटका नंतर बसला, नवा धंदा जन्मू पाहत होता तेव्हा. 1934 मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि गांधीजींनी ताडगुळाचा आग्रह धरला. ताडी बंद करायची तर झाड काढणाऱ्याला दुसरे काम हवे, आणि गूळ हे ते काम, असा त्यांचा सरळ हिशेब. वर्धा विदर्भातलेच, शिंदी तिथेही नाल्यानाल्याला. तरीही नीरा आणि ताडी यांच्यात काही तासांच्या उन्हाएवढेच अंतर असल्याने दारूबंदीच्या खात्याला प्रत्येक मडके संशयित वाटणारच. ज्या धंद्याला जुने मूळ असते तो असा संशय पचवतो. इथे मूळच नव्हते.

या तर्काची एक उलट तपासणी करता येते. शिंदीचा रस दुर्लक्षित राहिला, पण पाते राहिले नाही. केरसुण्या आणि चटया शिंदीच्या होतात, पलीकडच्या छत्तीसगडात नवरदेवाचा मौर, म्हणजे बाशिंग, छिंदाच्या पात्यांचा असतो. पात्याला ऊस किंवा मोह यांपैकी कुणी प्रतिस्पर्धी नव्हता. दुसरे पाते म्हणावे तर घायपाताचे: त्याचा वाख निघतो, त्याचे दोर होतात. पण अंगण झाडायला घायपात चालत नाही. पात्याला परवाना लागत नाही, ते आंबत नाही, पहाटेची वाट पाहत नाही. कोयत्याने कापले, वाळवले, चिरले आणि बाजाराच्या दिवशी भारा विकायला नेला की झाले.