झैनाबादची हिराबाई आणि कैरोच्या गवाझी



मुसलमानी समाजातील नृत्य हा विषय इतवाऱ्यातील शाळेत कशासाठी, असे कित्येकांना वाटले असेल. त्याचे उत्तर आपल्या गावाच्या नावातच आहे. फारुकी सुलतान नसीरखानाने हे शहर वसविले आणि त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. तापीच्या पैलतीरावरील वस्तीला त्यांचे शिष्य झैनुद्दीन यांच्यावरून झैनाबाद हे नाव मिळाले. बुऱ्हाणुद्दीन १३३७ मध्ये निवर्तले. त्यांची कबर खुलदाबादेस आहे. ‘समा’च्या मैफलीत ते देहभान विसरून नाचत. त्यांची नाचण्याची तऱ्हा इतकी निराळी होती की त्यांच्या सोबत्यांना ‘बुऱ्हानी’ असेच म्हणू लागले. अनेक धर्मशास्त्र्यांना न रुचणारी गोष्ट एका संताची उपासना होती, आणि त्याच संताच्या नावाचे गाव आपण आपले म्हणतो!

पण संताचा नाच वेगळा आणि पोटासाठी नाचणाऱ्या स्त्रीचा वेगळा. आज ‘बेली डान्स’ म्हणून ठाऊक असलेल्या नृत्याला अरबीत ‘रक्स शर्की’ म्हणतात. त्याच्या लौकिक, घरगुती रूपाला ‘बलदी’. ‘पोटाचा नाच’ हे नामकरण फ्रेंचांचे. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाने ते सर्वतोमुखी केले. कोणी या नृत्याचे मूळ फेरोंच्या थडग्यांतील भित्तिचित्रांत शोधतात. मला ते पटत नाही. चित्रातील नर्तकी स्थिर असते. तिची कंबर कशी हलत होती, हे चित्र कसे सांगणार? खात्रीचा पुरावा बराच अलीकडचा आहे. इजिप्तमध्ये ‘अवालिम’ म्हणजे जाणत्या स्त्रिया जनानखान्यात गात, तर ‘गवाझी’ रस्त्यावर, लग्नकार्यांत नाचत. सरकार त्यांच्याकडून कर घेई. १८३४ मध्ये मुहम्मद अलीने त्यांना कैरोतून हद्दपार केले. पुष्कळशा दूर दक्षिणेस एस्ना वगैरे गावी गेल्या, आणि युरोपीय प्रवासी त्यांना पाहण्यासाठी तेथेही पोहोचले. उघड्या पोटाचा दोन तुकड्यांचा पोशाख मात्र विसाव्या शतकातील कैरोच्या नाट्यगृहांतला. जुन्या गवाझी लांब अंगरखा घालीत.

हिंदुस्थानातील नर्तकींचे नृत्य याहून भिन्न, परंतु त्यांचे समाजातील स्थान विलक्षण सारखे. मोगल दरबारातील नर्तकींना ‘कंचनी’ म्हणत. शहाजहानला त्यांची फार आवड होती, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो.

१६५३ साली शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून बऱ्हाणपुरास आला. तापीपलीकडील आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, फिरताना त्याच्या मावशीच्या परिवारातील हिराबाईने उडी मारून आंब्याच्या झाडाचे फळ तोडले आणि शाहजादा तिच्यावर लुब्ध झाला, अशी कथा ‘मआसिर-उल-उमरा’ या ग्रंथात आहे. ती गाण्यात निपुण होती. इतिहासात तिची ओळख बापाच्या नावाने नव्हे, तर ‘झैनाबादी’ अशी गावाच्या नावाने राहिली. अल्पावधीतच ती वारली आणि औरंगाबादेस तिचे दफन झाले.

इटालियन प्रवासी मनुची एका नर्तकीची हकीकत देतो. अभ्यासक ती हिराबाईचीच मानतात. त्याच्या मते तिच्या नादाने औरंगजेब नमाज विसरला, मद्य पिऊ लागला आणि तिच्या मृत्यूनंतर त्याने मद्य व संगीत दोन्ही सोडण्याची शपथ घेतली. पुढे देवाने तिचे आयुष्य संपवून आपल्यावर कृपाच केली, असे तो म्हणे. मनुची ऐकीव गोष्टी तिखटमीठ लावून सांगतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी मोह कुणाचा आणि दोष कुणाच्या माथी, हे पाहण्यासारखे आहे.

बादशहा झाल्यावरही औरंगजेबाने जुना रिवाज एकदम मोडला नाही. दर बुधवारी कंचनी दरबारात येत, दुरून सलाम करीत आणि लगेच परत जात, असे बर्निये नोंदवितो. मनुची मात्र पुढील हुकूम सांगतो: नर्तकींनी लग्न करावे, नाहीतर राज्य सोडावे.